आजोबांचा डबा, सोनाराचा भाव आणि वाचायची राहिलेली कड

प्रश्न: माझे आजेसासरे एडनच्या बंदरात कारकून होते. दापोलीचं जुनं घर आवरताना माळ्यावर त्यांचा पत्र्याचा डबा सापडला. आत चांदीची नाणी आणि पदकं आहेत. एका जाड बाईचा चेहरा असलेली चार मोठी नाणी, सगळ्यांवर १७८०. सासूबाई त्यांना ‘रियाल’ म्हणतात. त्यातल्या एकाला गळ्यात घालण्यासाठी कडी लावलेली आहे. शिवाय १८७३ चं पाच फ्रँकचं नाणं, १९३५ चं घोडेस्वाराचं इंग्लिश नाणं आणि १९६५ चं चर्चिलचं नाणं आहे. एक पदक नेपोलियनच्या लग्नाचं, १८१० चं, तांबूस रंगाचं. दुसरं चांदीचं, त्यावर घोड्यावर बसलेला उघडा माणूस आणि १९१४-१९१८. ते बहुधा घोड्यांच्या शर्यतीचं असावं. सोनार म्हणाले, टंच कमी आहे, सगळं मोडीच्या भावाने घेतो. यूट्यूबवर मात्र १७८० च्या नाण्याचे दहा लाख सांगतात. धाकट्या दिरांनी दोन नाणी चिंचेने घासून लखलखीत केली आहेत. लंडनचा भाचा म्हणतो, मला द्या, तिकडे लिलावात घालतो. आम्ही काय करावं? दोन्ही बाजूंचे फोटो सोबत पाठवत आहे.

उत्तर:

ताई, आधी दिरांना सांगा, चिंच आमटीत घाला. चांदीवर वर्षानुवर्षं बसलेला करडा-काळपट थर म्हणजे मळ नव्हे, हवेतल्या गंधकाने चांदीच्या पृष्ठभागावर धरलेला तो पातळ पापुद्रा असतो. तो घासून काढला की त्याखालची अगदी वरची चांदीही खरवडली जाते. मग नाणं चकाकतं खरं, पण भिंगाखाली त्यावर बारीक बारीक चरे दिसतात आणि जाणकार गिऱ्हाईक ते पाहून नाणं खाली ठेवतो. टूथपेस्ट, लिंबू, भांड्यांची पावडर, अ‍ॅल्युमिनियमची फॉइल आणि सोडा, यातलं काहीच नको. धूळ असेल तर साध्या पाण्यातून काढा, मऊ कापडावर ठेवून टिपा, चोळू नका. दिरांनी घासलेली दोन्ही नाणी १७८० चीच आहेत, त्यामुळे नुकसान फारसं नाही. का नाही ते पुढे येतंच.

फोटो छान आले आहेत, पण सगळे चेहऱ्याचे आणि पाठीचे. कडेचा एकही नाही. लोक नेहमी असंच करतात. युरोपातल्या जुन्या मोठ्या नाण्यांची आणि पदकांची निम्मी कुंडली कडेवर असते. पूर्वी नाण्याची किंमत म्हणजे त्यातल्या चांदीचीच किंमत. त्यामुळे नाणं हातातून जाताना कानशीने त्याची कड थोडी घासून चांदी काढून घेणं हा धंदाच होता. त्याला आळा घालायला टाकसाळींनी कडेवर खाचा किंवा अक्षरं उमटवायला सुरुवात केली. इंग्लंडच्या क्राउन या मोठ्या नाण्याच्या कडेवर ‘डेकुस एट टुटामेन’ असं लॅटिन लिहिलेलं असतं, म्हणजे शोभा आणि संरक्षण. तर आता एकेक वस्तू कडेपासून पाहू.

तुमची चार ‘रियाल’ म्हणजे मारिया तेरेसा थालर. ही ऑस्ट्रियाची सम्राज्ञी नोव्हेंबर १७८० मध्ये वारली. पण तिच्या नाण्यांवर तांबड्या समुद्राच्या दोन्ही काठांवरच्या व्यापाऱ्यांचा इतका विश्वास बसला होता की दुसरं कुठलंही नाणं ते हातात घेईनात. येमेनमध्ये कॉफी घ्यायची तर हेच, इथिओपियात कातडी घ्यायची तर हेच. मग टाकसाळीने साल १७८० वरच गोठवलं आणि तोच ठसा मारत राहिली. व्हिएन्नाची टाकसाळ तो आजही मारते. म्हणजे १७८० हे नाण्याच्या जन्माचं साल नाही, तो त्याच्या नक्षीचा भाग आहे. खांद्याखाली ‘एस. एफ.’ ही अक्षरं आहेत म्हणून नाणं अस्सल जुनं, असं तुम्हाला कोणी सांगेल. ती अक्षरं ग्युन्झबुर्गच्या टाकसाळीतल्या दोन अधिकाऱ्यांची, पण नंतरच्या नाण्यांवरही ती जशीच्या तशी उतरवली आहेत. त्यावरून वय ठरत नाही.

यात आपल्याला खास वाटेल अशी एक गोष्ट आहे. १९३५ मध्ये मुसोलिनीला इथिओपियाच्या मोहिमेसाठी हे थालर हवे होते, म्हणून ऑस्ट्रियाने ठशांचा हक्क इटलीला दिला. इंग्रजांनी ते जुमानलं नाही. लंडनच्या टाकसाळीने स्वतःचे थालर पाडायला घेतले, पॅरिस आणि ब्रसेल्सनेही तेच केलं. दुसरं महायुद्ध पेटल्यावर पूर्व आफ्रिकेत नाण्यांची गरज वाढली, तेव्हा १९४०-४१ मध्ये आपल्या फोर्टातल्या मुंबई टाकसाळीत या ऑस्ट्रियन बाईंची एक कोटीहून जास्त नाणी पाडली गेली. साल अर्थात १७८०. तुमच्या डब्यातलं एखादं नाणं मुंबईत जन्मून एडनला गेलं आणि आजेसासऱ्यांच्या ट्रंकेतून कोकणात परतलं, असं अगदी शक्य आहे. एडनचा कारभार १९३२ पर्यंत मुंबई इलाख्याकडेच होता, तिथे रुपया चालायचा आणि आतल्या येमेनी मुलखाशी व्यवहार या रियालांत व्हायचा. त्यामुळे कारकुनाच्या डब्यात ही नाणी असणं यात नवल काहीच नाही. कुठलं नाणं कुठल्या टाकसाळीचं, हे नाण्याच्या पाठीवरच्या गरुडाच्या शेपटीची पिसं आणि बाईंच्या खांद्यावरच्या पिनेचे मोती मोजून हौशी मंडळी ओळखतात. मला तो खेळ आवडतो, पण त्याने भावात फारसा फरक पडत नाही हेही खरं.

आता खरं-खोटं घरी कसं पाहायचं. थालरच्या कडेवर उठावाची अक्षरं हवीत: ‘युस्टिटिया एट क्लेमेन्टिया’, न्याय आणि दया, मधे मधे नक्षी. कड गुळगुळीत असेल, किंवा तिच्यावर सांध्याची रेघ फिरलेली दिसली, तर ते साच्यात ओतलेलं खोटं नाणं. वजन २८.०७ ग्रॅम, म्हणजे आपल्या हिशोबात दोन तोळ्यांहून बरंच वर, अडीचला किंचित कमी. झिजून २७.५ पर्यंत आलं तर चालेल, २५ भरलं तर गडबड आहे. लोहचुंबकाला चिकटलं तर विषयच संपला.

चुंबकाला न चिकटणारी खोटी नाणीही असतात, त्यासाठी पाण्याची परीक्षा करा. सोनाराकडे असतो तसा ०.०१ ग्रॅमपर्यंत दाखवणारा छोटा काटा आता ऑनलाइन स्वस्तात मिळतो. काट्यावर पाण्याचा पेला ठेवून आकडा शून्य करा. नाण्याला शिवणाचा दोरा बांधा आणि ते पाण्यात पूर्ण बुडेल पण तळाला किंवा कडेला टेकणार नाही, असं हातात लोंबतं धरा. नाण्याला चिकटलेला हवेचा बुडबुडा दोरा हलवून घालवा. आता काटा जो आकडा दाखवेल तो नाण्याने बाजूला सारलेल्या पाण्याचं वजन. खऱ्या थालरला तो २.७५ ग्रॅमच्या आसपास येतो. पितळेवर चांदीचा मुलामा दिलेल्या तेवढ्याच वजनाच्या नाण्याला तो सव्वातीनच्या पुढे जातो. नाण्याचं वजन भागिले हा आकडा, उत्तर १०.२ च्या जवळपास आलं की निश्चिंत व्हा. कडी लावलेल्या नाण्यावर मात्र हा प्रयोग करू नका, डाग दिलेल्या जागेच्या धातूने हिशोब बिघडतो.

तुमचे सोनार टंच कमी म्हणाले ते खोटं नाही. थालरची चांदी हजारात ८३३ असते, म्हणजे ८३ टंच. त्यात शुद्ध चांदी २३.४ ग्रॅम. त्या दिवसाच्या शुद्ध चांदीच्या भावाने त्याला गुणलं की तुमचा तळाचा भाव निघाला. सोनार याच्यापेक्षा बरंच खाली उतरत असतील तर उठून या. नाणं कसोटीवर घासू देऊ नका आणि छिन्नीचा टवका तर मुळीच काढू देऊ नका. आता बऱ्याच पेढ्यांवर टंच मोजायचं मशीन असतं, त्यात नाण्याला ओरखडाही येत नाही. तेच करायला सांगा. संग्राहक अशा साध्या थालरला चांदीच्या भावापेक्षा थोडं जास्त देतात, थोडंच. चिंचेने फार बिघडलं नाही म्हणालो ते यासाठी. कडी लावलेलं नाणं संग्राहकाच्या दृष्टीने बाद, ते फक्त धातूच्या भावाचं. पण येमेनमध्ये आणि इथिओपियात बायका ही नाणी अशीच गळ्यात घालत. ते कुठून आलं, कोणी घातलं, हे सासूबाईंना एकदा विचारून लिहून ठेवा.

बाकीच्या तीन नाण्यांचं लवकर आटपतो. १८७३ चे पाच फ्रँक म्हणजे हर्क्युलिस आणि त्याच्या दोन्ही हातांना स्वातंत्र्य आणि समता या दोन देवता. २५ ग्रॅम वजन, ९०० ची चांदी, कडेवर ‘दिय प्रोतेज ला फ्रांस’. हे साल इतकं मुबलक आहे की फ्रान्समध्ये कुठल्याही नाणेवाल्याकडे ते सापडेल. याच नक्षीतलं १८७१ चं एक नाणं मात्र वेगळं. पॅरिस कम्यूनच्या काळात, म्हणजे पॅरिसच्या लोकांनी सरकारविरुद्ध उठून शहर हाती घेतलं तेव्हा, बंडखोरांनी टाकसाळ ताब्यात घेऊन ते पाडलं आणि त्यावर एक बारीक त्रिशूळ कोरला. बरीचशी पुढे वितळवली गेली, म्हणून उरलेल्यांना मोठी किंमत येते. तुमचं नाणं त्यातलं नाही, पण सोनाराला एकदम डबा देऊन टाकण्याआधी साल आणि बारीक खुणा का पाहायच्या, ते यावरून कळेल.

१९३५ चं नाणं पंचम जॉर्जच्या रौप्यमहोत्सवाचं. त्यातला सेंट जॉर्ज, म्हणजे इंग्लंडचा संत, आणि त्याचा घोडा इतके ताठर आहेत की इंग्लंडमध्ये लोक त्याला लाकडी झुलता घोडा म्हणून हसले. मला तो आवडतो, असो. इथे पुन्हा कड. अक्षरं आत खोल गेलेली असतील तर ते सात लाखांहून जास्त पाडलेलं साधं नाणं, आणि त्यात चांदी निम्मीच, कारण इंग्रजांनी १९२० पासून नाण्यांतली चांदी ९२५ वरून ५०० वर आणली होती. अक्षरं बाहेर उठलेली असतील तर ते खास पाडलेल्या २५०० नाण्यांपैकी एक, ९२५ चांदीचं, आणि मग गोष्ट वेगळी. बहुतेक तुमची अक्षरं खोलच निघतील. तरी बोट फिरवून पाहा. चर्चिलच्या नाण्यात चांदीचा कणही नाही, ते तांबं-निकेलचं आहे. १९४७ पासून इंग्लंडच्या चालू नाण्यांतून चांदी गेलीच. चर्चिल वारल्यावर त्यांच्या आठवणीसाठी ती दोन कोटींच्या आसपास पाडली, आणि प्रत्येकाने जपून ठेवली. ते मुलांना खेळायला दिलंत तरी चालेल.

आता नेपोलियन. १८१० मध्ये त्याने मारी लुईझशी लग्न केलं, तेव्हा पॅरिसच्या टाकसाळीने सुंदर पदकं काढली. पण पॅरिसची टाकसाळ जुने साचे टाकून देत नाही. मागणी आली की शंभर वर्षांनीही त्यावरून पदक पाडून देते. कुठलं कधी पाडलं हे कळावं म्हणून १८३२ पासून ती कडेवर बारीक खूण उमटवू लागली: आधी दिवा, मग थोडा काळ नांगर आणि जहाजाचं नाक, १८४५ पासून बोट दाखवणारा हात, १८६० पासून मधमाशी, आणि १८८० पासून आजतागायत फळाफुलांनी भरलेलं शिंग. खुणेशेजारी धातूचं नावही असतं: ‘आर्जां’ म्हणजे चांदी, ‘क्विव्र’ म्हणजे तांबं, ‘ब्राँझ’ म्हणजे ब्राँझ. भिंग घेऊन कड खिडकीच्या उजेडात हळूहळू फिरवा. शिंग आणि ‘ब्राँझ’ दिसलं तर तुमचं पदक नेपोलियनच्या मृत्यूनंतर निदान अठ्ठावन्न वर्षांनी बनलेलं आहे, शोभेची वस्तू म्हणून ठेवा. कड अगदी कोरी असेल आणि पदक जुनं वाटत असेल तरच पुढची चौकशी करायची. तांबूस रंग पाहता ‘आर्जां’ निघेल असं वाटत नाही.

आणि तुमचं ते ‘शर्यतीचं’ पदक. ताई, डब्यातली सगळ्यात मोलाची वस्तू बहुधा हीच आहे आणि तुम्ही तिला शेवटी लिहिलंत. तो उघडा घोडेस्वार म्हणजे सेंट जॉर्ज. त्याच्या घोड्याच्या पायाखाली पाहा, प्रशियाच्या, म्हणजे जर्मन शत्रूच्या, गरुडाची ढाल तुडवलेली दिसेल. पलीकडच्या बाजूला पंचम जॉर्ज. हे पहिल्या महायुद्धाचं ब्रिटिश वॉर मेडल, ३६ मिलिमीटर, चांदीचं. चांदीची साठ लाखांहून जास्त वाटली गेली, तेव्हा पदक म्हणून ते दुर्मीळ नाही. पण त्याच्या कडेवर ज्याला दिलं त्याचा नंबर, हुद्दा, नाव आणि पलटण ठोकलेली असते. त्या ओळीवर सगळं अवलंबून आहे. कडेवर १०३, ११० किंवा ११७ नंबरची मराठा पलटण दिसली तर लगेच कळवा. या तीनही पलटणी मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये, कूत-अल-अमाराच्या वेढ्यात अडकल्या होत्या, आणि एप्रिल १९१६ मध्ये तिथल्या सैन्याने शरणागती पत्करल्यावर उरलेले शिपाई तुर्कांच्या कैदेत गेले. तो शिपाई लढाईत गेला असेल तर राष्ट्रकुल युद्ध-समाधी आयोगाच्या ऑनलाइन नोंदीत नाव आणि गाव मिळू शकतं.

हा माणूस तुमच्याच घरातला असेल असं धरून चालू नका. पदकं गहाण पडायची, विकली जायची, एडनच्या बाजारातही फिरत असतील. नाव वाचल्याशिवाय काही म्हणता येणार नाही. १९८० च्या सुमारास जगभर चांदीचा भाव एकदम कडाडला, तेव्हा अशी कितीतरी पदकं नावासकट मुशीत गेली, म्हणून तुमच्या सोनारांच्या तराजूत हे जाऊ नये एवढंच पाहा. याच माणसाचं दुसरं पदकही डब्यात किंवा आसपास असू शकतं: ब्राँझचं, पंख असलेल्या बाईचं, इंद्रधनुष्यी फितीचं. जोडी सापडली तर वेगळी करू नका. कडेचा फोटो घेताना फ्लॅश लावू नका. खिडकीपाशी तिरप्या उजेडात पदक थोडं थोडं फिरवत पाच-सहा फोटो घ्या. अक्षरं झिजली असतील तर पातळ कागद कडेवर गुंडाळून वरून पेन्सिल हलक्या हाताने फिरवा, छाप उमटेल.

यूट्यूबवरचे दहा लाख विसरा. त्या व्हिडिओखाली नंबर असतो. फोन केला की समोरचा नाणं न पाहताच सौदा पक्का करतो आणि मग नोंदणी फी, कर, कमिशन असं एकेक करून तुमच्याकडूनच पैसे मागतो. या ठगांनी रिझर्व्ह बँकेचं नाव वापरायला सुरुवात केल्यावर बँकेने ऑगस्ट २०२१ मध्ये जाहीर सांगितलं की आपण जुन्या नाण्यांच्या अशा व्यवहारात नाही आणि कोणाला तशी परवानगीही दिलेली नाही. विकणारा किती मागतो ती किंमत नव्हे. लिलावगृहांच्या संकेतस्थळांवर झालेल्या विक्रीचे आकडे असतात, ते पाहा.

भाच्याला प्रेमाने नाही सांगा. १९७२ च्या पुरावस्तू कायद्याने शंभर वर्षांहून जुनी नाणी आणि ऐतिहासिक वस्तू देशाबाहेर न्यायला खासगी माणसाला बंदी आहे, मग ती परदेशी का असेनात. १८७३ चं नाणं आणि महायुद्धाचं पदक त्यात सरळ बसतं. थालरची तर गंमत आहे. तो १९४० चा असला तरी विमानतळावरचा कस्टमवाला त्यावरचं साल १७८० च वाचणार, आणि तुम्ही त्याला मुसोलिनीपासून गोष्ट सांगत बसणार. वस्तू पुरावस्तू नाही असं भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाकडून लेखी प्रमाणपत्र घेतल्याशिवाय काही पाठवू नका. घरात ठेवायला मात्र काही अडचण नाही, नाण्यांची नोंदणी करावी लागत नाही.

पैशांची गरज असेल तर कडी नसलेले तीन थालर आणि पाच फ्रँकचं नाणं विकायला हरकत नाही. सराफाकडे नको. पुण्या-मुंबईत नाण्यांची प्रदर्शनं भरतात, तिथे दोन-तीन टेबलांवर दाखवा आणि पहिल्याच माणसाला देऊ नका. जुन्या वस्तूंचा परवाना आहे का ते विचारा, पावती घ्या. बाकीचं तोवर कागदी पाकिटांत किंवा नाण्यांसाठी मिळणाऱ्या कडक पारदर्शक डब्यांत, एकेक वेगळं ठेवा. मऊ, वास येणाऱ्या पीव्हीसीच्या पाकिटांत ठेवू नका. कोकणच्या पावसाळ्यात त्यातून हिरवट चिकटा सुटतो आणि तो नाण्यावर बसतो. पदकाच्या कडेचे फोटो आले की कोणत्या पलटणीचा शिपाई आहे ते पाहून पुढचं लिहीन.